एका रस्त्यावरची दोन भांडारे

पुण्यास डेक्कन जिमखान्यावरून टेकडीच्या अंगास वळले म्हणजे जो लांब रस्ता लागतो, त्यास तेथील विधी महाविद्यालयामुळे लॉ कॉलेज रस्ता असे नाव पडले आहे. एके काळी तो गावाबाहेरचा, झाडीचा आणि निवांत रस्ता म्हणून प्रसिद्ध होता. आता तो ओलांडावयाचा म्हणजे माझ्यासारख्या साठी उलटलेल्या मनुष्यास देवाचे नाव घेऊनच पाऊल टाकावे लागते. तथापि या एका रस्त्यावर, पायी जाण्याजोग्या अंतरात, दोन भांडारे अशी आहेत की त्यांच्यासाठी हा त्रास कोणीही आनंदाने सोसावा. पहिले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. ते आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. दुसरे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पहिल्यात पोथ्या आहेत, दुसऱ्यात फिती. पहिल्याचे नाव घेताना आपल्या घरांतील वडील मंडळी हात जोडतात. दुसऱ्याचे नाव घेतल्यास ‘सिनेमाच ना?’ असे विचारून पुन्हा वर्तमानपत्र उघडतात. या दुसऱ्या भांडाराविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

प्रस्तुत लेखक वाईस छत्तीस वर्षे शाळामास्तर होता व संस्कृत शिकवीत होता. त्यामुळे पुण्याची वारी घडली की पाऊल पहिल्या भांडाराकडेच वळावयाचे. गेल्या एका खेपेस गावातील वाचनालयात कालिया नागाच्या आख्यानावर बोलावयाचे होते, म्हणून हरिवंशाची चिकित्सक आवृत्ती पाहावयास गेलो. सकाळची पहिली एस. टी. धरावी, खंबाटकीचा घाट उतरून शिरवळवरून नऊ-साडेनऊच्या सुमारास स्वारगेट गाठावे, आणि दुपारपर्यंत वाचन आटोपावे, असा नेहमीचा क्रम. या वेळी सौभाग्यवतीही बरोबर होत्या. आमचा नातू पुण्यास यंत्रविद्येचा अभ्यास करतो. तो दुपारी घ्यावयास आला आणि म्हणाला, “आबा, सकाळी कालिया वाचलात ना? मग संध्याकाळी तो पाहा. शंभर वर्षांपूर्वीचा आहे.” ‘कालिया मर्दन’ या फाळके यांच्या मूकपटाचा खेळ त्या दिवशी होता.

या योगायोगात आणखी एक योगायोग दडलेला होता. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर मंदिरात सुरू झाले ते १९१९ साली, आणि ‘कालिया मर्दन’ पडद्यावर आला तोही १९१९ सालीच. आवृत्तीचे काम १९६६ साली पुरे झाले. देशातील निरनिराळ्या लिप्यांतील बाराशेंहून अधिक हस्तलिखिते जमवून, श्लोकास श्लोक ताडून, प्रक्षिप्त कोणते व मूळचे कोणते याचा निवाडा करीत विद्वानांच्या दोन पिढ्यांनी ते तडीस नेले. त्या कामाची अखेर जवळ आली असता, १९६४ साली, त्याच रस्त्यावर चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचा जुना बंगला आज या संस्थेकडे आहे. १९६५ साली तेथे पी. के. नायर नावाचे केरळचे गृहस्थ आले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी जे केले, ते पाहता पोथ्या गोळा करीत गावोगाव हिंडणाऱ्या जुन्या पंडितांचीच आठवण व्हावी. नायर २०१६ साली वारले. ते नाशिकास गेले, फाळके कुटुंबीयांकडून जुन्या फितींचे तुकडे मिळविले आणि क्रम लावून ‘कालिया मर्दन’ पुन्हा उभा केला. तुटकी पाने, गहाळ अध्याय आणि मागेपुढे झालेले प्रसंग, ही संशोधकांची सगळी दुखणी येथेही आहेत. भेद इतकाच, की पोथीची दुसरी प्रत तंजावरास किंवा काश्मिरात सापडण्याची आशा असते. फितीची दुसरी प्रत बहुधा नसतेच.

धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र मराठी घरांत ठाऊक नाही असे नाही. पण ते ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ या पाच अक्षरी-सात अक्षरी बिरुदांखाली दबून गेले आहे. माझ्यासारख्यास त्यातील जी गोष्ट मोलाची वाटते ती अशी, की हा मनुष्य शास्त्र्याच्या घरातला होता. जन्म त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० चा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात शिकवीत. मुलगा पाठशाळेत न बसता जे. जे. कलाशाळेत गेला, नंतर बडोद्यास कलाभवनात. छायाचित्रण, ठसे करणे, छपाई, जादूचे खेळ, एवढे सगळे झाले. लोणावळ्याच्या आसपास राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशी त्यांचा संबंध आला. पुण्या-मुंबईच्या आगगाडीने जाताना मळवलीचे स्थानक लागते, तेथे तो छापखाना होता. आपल्या माजघरांतील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तेथूनच घरोघर गेल्या. गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून फाळक्यांच्या मनात आले की राम-कृष्ण असे चालते-हलते का दिसू नयेत? १९१२ साली ते विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा केवढा, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. भांडवलासाठी त्यांचे दागिने गेले, ही तर पहिली पायरी. दादरच्या बिऱ्हाडी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक दोन्ही वेळा त्यांच्याकडे. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडावयाचा. आणि रात्री, मुले निजल्यावर, काळोखात कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडावयाची व रसायने कालवावयाची. त्या काळी फीत भोकांशिवाय येई, आणि भोक एका केसाने चुकले तर चित्र पडद्यावर नाचू लागे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणत्याही गृहिणीने या दिनक्रमाचा हिशेब मनाशी करून पाहावा. पडद्यावर स्त्री मात्र एकही नव्हती. कोणीही कुलीन बाई, किंबहुना कुलीन न समजली जाणारी बाईही, या कामास तयार होईना. तेव्हा एका खाणावळीतील आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. ‘लंकादहना’त, १९१७ साली, याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही. बायकांनी पडद्यावर यावयाचे नाही हा त्या वेळच्या पांढरपेशांचा हट्ट होता. परंतु भोके पाडावयास त्याच बायका चालत होत्या. असो.

आता खेळाकडे वळतो. प्रेक्षागृहात पुढच्या दोन-तीन रांगांत विद्यार्थी, मागे आमच्यासारखी तुरळक वयस्क मंडळी, आणि मधोमध एक लहान मूल मांडीवर घेतलेले जोडपे. एका बाजूस पेटी व तबला मांडलेला होता. दिवे मालवले. आणि पडद्यावर गोष्ट सुरू होण्यापूर्वीच एक विलक्षण गोष्ट दिसली. फाळके यांची कन्या मंदाकिनी या चित्रपटात कृष्ण झाली आहे. तिचे वय सहा-सात वर्षांचे. ती प्रथम आपल्या रूपात समोर येते आणि निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते. हसणे, रुसणे, रडू येणे, राग, भीती, एकामागून एक. पेटीवाल्याने येथे सूर थांबविले, हे त्याने फार चांगले केले. मग त्याच चेहऱ्यातून हळूहळू मुकुटधारी कृष्ण उमटतो आणि कथेस आरंभ होतो.

नाट्यशास्त्र ज्यांनी थोडेफार वाचले आहे त्यांच्या ध्यानात येईल की फाळक्यांनी येथे काय केले. भरतमुनींनी अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. अंगाचा, वाणीचा, वेषभूषेचा आणि अंतःकरणाचा. मूकपटात वाचिक नाही. म्हणून कित्येकांस वाटते की मूकपट म्हणजे एका पायाने अधू झालेले नाटक. पण दुसऱ्या बाजूने पाहा. सात्त्विक भाव आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. नाटकगृहात पंधराव्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकास नटाच्या कपाळावरचा स्वेद कोठून दिसणार? अश्रू दिसतात ते पदराने डोळे टिपले म्हणून; रोमांच तर नटाच्या शेजारी उभ्या असलेल्यासही दिसणे कठीण. शास्त्राने ज्यास सर्वांत श्रेष्ठ म्हटले तेच रंगभूमीवर बहुतांशी अनुमानानेच जाणावयाचे. कॅमेरा जवळ गेला, माणसाचे तोंड भिंतीएवढे झाले, आणि हजारो वर्षांत प्रथमच सात्त्विक अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. आठांपैकी मूकपटात खरोखर गेला तो एकटा स्वरभंग. शास्त्र्यांच्या मुलाने १९१९ साली आपल्या मुलीचे तोंड आरशासारखे लोकांपुढे धरून हेच दाखविले, असे मला वाटते. हा अर्थ त्यांच्या मनात होता की नाही, हे त्यांस विचारावयाची सोय नाही; १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास त्यांचे देहावसान झाले.

पुढची कथा अर्थातच सर्वांच्या पाठातली. गोकुळातील खोड्या, लोण्याची लूट, आणि अखेर यमुनेत उडी. पाण्याखालचे युद्ध चालू असताना मधूनमधून काठावरचा आक्रोश दिसतो. पुन्हा पाण्याखाली, पुन्हा काठावर. सकाळी हरिवंशात हाच प्रसंग वाचला होता, तेथेही कवी डोहातून काठाकडे आणि काठावरून डोहाकडे असाच जातो; पण श्लोकास तसे जाण्यास ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘त्या वेळी’ अशा शब्दांचे पूल बांधावे लागतात. फाळके पूल न बांधता उडी मारतात. नाग कापडाचा आणि सांगाड्याचा आहे, हे अर्ध्या क्षणात कळते, तरी मांडीवरचे ते मूल “साप! साप!” म्हणून ओरडले, आणि त्या वेळी विद्यार्थ्यांपैकी कोणी हसले नाही.

हसण्याची गोष्ट निघाली म्हणून एक खुलासा करतो, कारण घरोघर मूकपटांविषयी जी थट्टा चालते तिचे मूळ यात आहे. दूरचित्रवाणीवर जुन्या चित्रांचे तुकडे दाखवितात तेव्हा माणसे टुणटुण उड्या मारीत चालताना दिसतात. त्या काळची माणसे तशी चालत नव्हती. मूकपटाच्या वेळी कॅमेऱ्याची दांडी हाताने फिरवीत, आणि सेकंदास सोळा किंवा त्याच्या थोड्या मागेपुढे चित्रे घेत. बोलपट आल्यावर ध्वनीच्या सोयीसाठी चोवीस ही गती ठरून गेली. सोळाच्या गतीने साठ मिनिटे चालणारा चित्रपट चोवीसच्या यंत्रावर चढविला तर किती वेळात संपेल? व्यस्त त्रैराशिक, उत्तर चाळीस मिनिटे. म्हणजे सती तारामतीला रडावयासही आपण दोन-तृतीयांशच वेळ देतो आणि वर हसतो. कीर्तनकाराचे आख्यान कोणी दीडपट वेगाने म्हणावयास लावले तर बुवांचे काय होईल? संग्रहालयात गती सांभाळून खेळ केला जातो; तेथे पाहिलेला हरिश्चंद्र गंभीर दिसतो, तो एवढ्यासाठीच.

त्या हरिश्चंद्राचेही चार भागांपैकी आज पहिला आणि शेवटचा एवढे दोनच उरले आहेत. शिवाय संग्रहालयाच्या अभ्यासकांचे मत असे की हे भाग १९१३ च्या मूळ चित्रपटाचे नसून १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा घेतलेल्या आवृत्तीचे असावेत. म्हणजे ज्या चित्रपटापासून आपण आपली कालगणना करतो, तोच हाती नाही. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील वीस-तीसांचे कमी-अधिक तुकडे काय ते उरले, आणि सगळा चित्रपट शिल्लक आहे अशी उदाहरणे बोटांवर मोजावीत. १९३१ चा ‘आलम आरा’, पहिला बोलपट, तोही नाहीसा झाला आहे.

हे इतके गेले कसे? त्या काळची फीत नायट्रेटची असे. तिचा आणि बंदुकीच्या कापसाचा कुळाचार एकच. ती एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, आणि पेटली नाही तरी ओलीत व उष्म्यात हळूहळू चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. त्यात चित्र उमटते ते चांदीच्या क्षारामुळे. तेव्हा चित्रपट जुना झाल्यावर रिळे धुऊन चांदी काढावयाची हा एक धंदाच झाला होता. जो पट चालून गेला तो पुन्हा कोण पाहणार, अशी त्या वेळची समजूत. आणि जे वाचले तेही सुरक्षित राहिले असे नाही. याच रस्त्यावर, जेथे एके काळी प्रभात कंपनी होती आणि १९६० पासून चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे, त्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठीस ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती जळून गेल्या. नालंद्याचे ग्रंथालय जळाल्याची हळहळ आपण अजून करतो. ही आग तर परवाची.

आगीचा विषय निघाला की मला युरोपातील एक चित्रपट आठवतो. नातवाच्या आग्रहाने मी तो याच संग्रहालयात पाहिला. कार्ल ड्रायर या डेन्मार्कच्या दिग्दर्शकाने फ्रान्समध्ये १९२८ साली संत जोनच्या खटल्यावर केलेला हा मूकपट. जोन ही खेड्यातली मुलगी. देववाणी ऐकून फ्रान्सच्या सैन्याच्या पुढे उभी राहिली, शत्रूंच्या हाती सापडली, धर्मन्यायाधीशांपुढे तिची चौकशी झाली आणि ३० मे १४३१ रोजी रूआँ गावी तिला जिवंत जाळले. चित्रपटात लढाया नाहीत, राजवाडे नाहीत. खटल्याच्या जुन्या कागदपत्रांतील प्रश्नोत्तरे आणि चेहरे, एवढाच मालमसाला. न्यायाधीशांचे सुरकुतलेले, चामखिळीचे, घामेजलेले चेहरे. आणि फाल्कोनेत्ती नावाच्या नटीचा चेहरा, त्यावर रंगाचे बोटही न लावलेले. मघाच्या आठ भावांपैकी एकेक या बाईच्या तोंडावर उमटताना दिसतो. तिचे केस कापले जातात तेव्हा ती रडते, आणि ते अश्रू डोळ्यांतून सुटून गालावरून हनुवटीपर्यंत येताना आपण पाहत असतो. मला फ्रेंच येत नाही, ख्रिस्ती धर्मशास्त्राचे ज्ञानही बेताचेच; परंतु करुणरस ओळखण्यास कोणत्याही अनुवादाची गरज पडली नाही. पाट्यांवरील इंग्रजी मजकूर नातू हळूच सांगत होता, त्यासही अर्ध्यावर मी हाताने थांबविले.

या चित्रपटाची गत त्याच्या नायिकेसारखीच झाली. मूळ फीत १९२८ च्या डिसेंबरात बर्लिनला आगीत जळाली. ड्रायरने उरलेल्या, न वापरलेल्या तुकड्यांतून दुसरी जुळविली. तीही पुढच्याच वर्षी जळाली. पन्नास वर्षे लोक तोडमोड झालेल्या प्रती पाहत राहिले. आणि १९८१ साली नॉर्वेत, ऑस्लो येथील एका मनोरुग्णालयाच्या कपाटात, झाडलोट करताना डबे सापडले. त्यांत मूळ चित्रपटाची जवळजवळ अक्षत प्रत होती. मनोरुग्णालयात ती का गेली, कोणी ठेवली, याचा थांग लागत नाही. आपल्याकडेही असे घडते. १९१९ च्या ‘बिल्वमंगल’ या मूकपटाचा काही भाग पॅरिसच्या चित्रसंग्रहालयात सापडून २०१६ साली पुण्यास परत आला.

म्हणून वाचकांस एक व्यावहारिक विनंती करून ठेवतो. आपल्या वाड्यांच्या माळ्यांवर, पितळी भांड्यांच्या मागे, चुलत्यांच्या जुन्या ट्रंकांत काय काय असते हे आपणांसही ठाऊक नसते. नाशिक, कोल्हापूर, पुणे, मुंबई या गावी कोणा ना कोणा घरचा मनुष्य त्या काळी चित्रपटकंपनीत कारकून, रंगारी, नट, निदान तिकिटविक्या असेल. पत्र्याचा चपटा गोल डबा आढळल्यास, जाहिरातीची पाने किंवा कथासारांच्या पुस्तिका आढळल्यास, रद्दीवाल्यास देण्यापूर्वी पुण्यास कळवावे. डबा घरात उघडून पाहण्याची घाई करू नये, आणि देवघरातील समईजवळ किंवा चुलीपाशी तर मुळीच नेऊ नये. आत जे असेल ते कदाचित निव्वळ भुकटी असेल. कदाचित हरिश्चंद्राचा दुसरा भाग असेल.

नव्या वळणाच्या संथ चित्रपटांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण मूकपट पाहण्याची सवय झाली की त्यांची वाट मोकळी होते असा माझा अनुभव आहे. प्रभातच्या जागेवर जी शिक्षणसंस्था झाली तेथे ऋत्विक घटक काही काळ शिकवीत, त्यांच्या शिष्यांपैकी मणी कौल यांनी मोहन राकेश यांच्या कथेवरून ‘उसकी रोटी’ हा चित्रपट केला, साल १९७०. पंजाबातील एक बाई. नवरा बस चालवितो, आठवड्यातून एकदा घरी येतो. ती रोज दूरच्या थांब्यावर जाऊन त्याच्या वाटेवर भाकरी घेऊन उभी राहते. एके दिवशी घरच्या अडचणीमुळे तिला उशीर होतो, नवरा रागावून निघून जातो, आणि ती थांबून राहते. एवढीच गोष्ट. नट चेहऱ्यावर काहीही दाखवीत नाहीत, शब्द बोलतात ते पाठ म्हटल्यासारखे सपाट. फाळक्यांच्या लेकीने जे सगळे दाखविले होते, ते येथे मुद्दाम मिटवून टाकले आहे.

मग भरताच्या चार अभिनयांपैकी उरले काय? हा प्रश्न मी बरेच दिवस घोळवीत आहे. वेष आहे, पण साधा. अंग आहे, पण स्थिर. कणीक मळणारे हात दिसतात, रिकामा रस्ता दिसतो, झाडाखाली उभी असलेली ती दिसते, आणि प्रत्येक चित्र आपल्या अपेक्षेहून बरेच अधिक काळ समोर राहते. माझे मत असे, की येथे स्तंभ हा एकच सात्त्विक भाव घेतला असून तो नटीच्या अंगावरून काढून सबंध चित्रपटास दिला आहे. ही युक्ती सर्वत्र साधली आहे असे मी म्हणणार नाही. मधला भाग मला लांबट वाटला, आणि संवाद सपाट बोलल्याने खोल होतात हे मत मला मान्य नाही. आमच्या शाळेत मुले धडा तसाच वाचीत, आणि आम्ही त्यांना उभे करीत असू. परंतु ती बाई रस्त्याच्या कडेस उभी आहे आणि ऊन उतरत चालले आहे, ही चित्रे ‘जोन’च्या चेहऱ्यांइतकीच मनात राहिली. ज्यास मूकपटातील शांततेत बसण्याचा सराव नाही, तो पहिल्या पंधरा मिनिटांत उठून जाईल. त्या दिवशी बरेच जण उठून गेलेही. म्हणून एखाद्यास हा प्रकार चाखावयाचा असेल तर त्याने आरंभ येथून करू नये. प्रथम ‘कालिया मर्दन’ पाहावा, मग ‘जोन’, आणि मन तयार झाले तर यापुढे यावे. संग्रहालयातील खेळांची आगाऊ चौकशी करावी. रोज काही असतेच असे नाही. परगावच्यांनी परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण स्वारगेटपर्यंत संध्याकाळी रिक्षा मिळविणे हे कालियामर्दनाहून सोपे नाही.

सौभाग्यवती शेवटपर्यंत बसल्या होत्या. त्यांस मणी कौल कोण हे ठाऊक नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. दिवे लागल्यावर मी विचारले, कंटाळा आला का? त्या पदर सावरीत उठल्या आणि म्हणाल्या, “कंटाळा कसला यायचा? मला आपलं सारखं वाटत होतं, त्या भाकरीवर तिनं ओलं फडकं घातलं असेल की नाही. नाहीतर कडक होऊन जाते हो.”